अष्टमीच्या दुपारचा समुद्र

॥ श्री ॥
दिवेआगर,
वैशाख वद्य १, शके १८७८

चिरंजीव सौभाग्यवती कोकिळेस दादाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

आज पहाटे जागा झालो तो कानात ठण्ण असा आवाज. आपल्या शाळेचा गं! उंडीच्या झाडाला टांगलेला तो मोडक्या नांगराचा तुकडा. येसाजी मास्तर त्यावर दगड हाणायचे आणि आपण ओल्या पायांनी, श्लोक घोकत धावत सुटायचो. पन्नास वर्षे झाली त्याला. पण काल छातीत पुन्हा तसेच काही वाजले, म्हणून लिहायला बसलो.

येथे अर्णवस्वामी आले आहेत, गावात मठही थाटला आहे. घाटावरचे; तेजःपुंज, दाढी थेट बेंबीपर्यंत. काल पौर्णिमा. भर बाराला स्वामी पुळणीवर व्याघ्राजिन टाकून बसले, डोळे मिटले आणि समुद्राला ये म्हणाले. समुद्र आला! पायांना लागला. स्वामी स्वतःच इतके चकित झाले की खालचे आसन भिजले तरी उठेनात. आता पौर्णिमेला बाराला उधाण येते हे मलाही ठाऊक आहे. पण येणे निराळे आणि बोलावल्यावर येणे निराळे. तिथल्या तिथे एक आर्या रचली, ती सोबत धाडतो.

आता रंगूविषयी. नात सातवी पास झाली, तिला तुझ्याकडे अलिबागेस हायस्कुलात धाडायचे ठरले होते खरे. पण स्वामी म्हणतात, विद्या ही माया आहे. आईविना पोर, तिने मठात राहून हार गुंफावेत. तिचा बाप चंदर मुंबईस, त्याने सगळे माझ्यावर सोडलेले. माझ्या तोंडून होकार गेला. येत्या अष्टमीला, त्याच जागी, बारालाच समुद्र पुन्हा स्वामींचे पाय धुणार आहे. त्याच मुहूर्तावर तिला मठात सोडायचे.

रंगू कालपासून माझ्याशी बोलत नाही. मौनाची साधना सुरू झाली असावी.

भाऊरावांस नमस्कार. म्हाताऱ्या भावावर माया आहे ती आटू देऊ नकोस.

तुझा
दादा

॥ श्री ॥
अलिबाग,
वैशाख वद्य ५

तीर्थरूप दादाच्या चरणी कोकिळेचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

पत्र वाचून आधी रडू आले, मग आर्या वाचून हसू. दुसऱ्या ओळीत तीन मात्रा कमी आहेत. त्याही स्वामींना वाहिल्यास की काय?

दादा, अष्टमीला दुपारी बाराला आपला समुद्र कुठे असतो रे? अरे, ओहोटीच्या अगदी तळाला! शिंपल्या वेचायला आपण तेव्हाच तर जायचो, आणि तू कविता म्हणत इतका लांब जायचास की आई काठी घेऊन निघायची. सबंध गावात एकानेही त्या माणसाला हे सांगितले नाही? ओळखते मी तुम्हाला. पाहुण्याचा शब्द खाली पडू नये म्हणून सगळे भिडेने गप्प बसला असाल.

येसाजी मास्तरही घाटावरचेच होते. पहिला दिवस आठवतो? काळा कोट घालून फळ्यापुढे उभे राहिले आणि आपल्या त्या शेंबड्या वर्गाला विचारू लागले की, बाळांनो, भरती केव्हा येते? मला ठाऊक नाही. मग आपल्या बायजा कोळणीच्या बापाला रोज विचारून वेळ फळ्यावर मांडायचे. सहा महिन्यांत त्यालाच चूक दाखवू लागले. ज्याला ठाऊक नाही म्हणता येते त्याच्या हाती पोर द्यावी. तुझ्या स्वामीला काहीही विचार, आणि एकदा तरी तसे म्हणतो का ते मला कळव.

बायजाच्या घरचा मचवा नवमीला इकडे यायला सुटतो, पावसाआधीचा शेवटचा. त्यात रंगू नसली तर तिचे वर्ष गेले, आणि तुमचा मठ पाहता शाळाच गेली. मला चौथीनंतर घरी बसवले, तेव्हा मोडून टाकतील म्हणून माझी पाटी तू माळ्यावर लपवलीस. ती अजून तिथेच असेल.

रागावले आहे. तरी जीव लावते तो तसाच. तूही तसाच लाव.

तुझी
कोकिळा

॥ श्री ॥
दिवेआगर,
वैशाख वद्य ९

चि. सौ. कोकिळेस आशीर्वाद.

अष्टमी झाली. काय सांगू! बाराला समुद्र दोनशे पावले लांब. स्वामींनी ये म्हटले. नुसते कोरडे ऊन. पुन्हा म्हटले. एक खेकडा तेवढा आला, तोही वाकडा. पाव तास गेला. मग मठाचा कारभारी काळूराम उभा राहिला आणि म्हणाला की समुद्र मर्यादेने दूर थांबला आहे, भक्तांनीच त्याला हाताला धरून आणावे. झाले! कळश्या निघाल्या. रांग लागली. समुद्र डोक्यावरून वाहून आणून आम्ही स्वामींच्या पायांवर ओतला. हसू नकोस, मीही दोन खेपा केल्या. बायजा मासळीची पाटी घेऊन उभी होती. साऱ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली की, सामीला कुनीतरी आदीच सांगाचा व्हता, सांच्याला बसवा म्हनून!

तेवढ्यात आपली रंगू, मठात जायचे नवे लुगडे नेसलेली, सरळ पुढे गेली आणि विचारती झाली की महाराज, आज भरती केव्हा? स्वामींनी डोळे उघडले. तिच्याकडे पाहिले, समुद्राकडे पाहिले. पाठ न केलेल्या मुलाचा असतो तसा चेहरा, कोकिळे. मी कविता विसरलो की माझा व्हायचा तसाच. ओठ हलले, मला ठाऊक एवढे शब्द मी स्वतः ऐकले. पुढचे ऐकू येईना, कारण काळूरामाने शंख फुंकला.

मी कळशी तिथेच टाकली (आईची, तांब्याची, बोलशील ते ऐकून घेईन) आणि रंगूचा हात धरून घरी आलो. दिलेला शब्द जन्मात पहिल्यांदा मोडला, आणि जेवण मात्र दोन घास जास्तच गेले. माळ्यावर चढून तुझी पाटी काढली. ती रंगूच्या ट्रंकेत आहे. मचवा आज संध्याकाळच्या भरतीवर सुटतो. हे पत्र तिच्याच हाती देतो. तिच्याकडून आर्या पाठ करून घे, माझ्या नव्हेत, मात्रा पुऱ्या असलेल्या.

इकडची ओढ अशीच राहू दे.

तुझा
दादा

ता. क. पत्राची घडी घालत होतो तो पडवीत पावले वाजली. दारात स्वामी! एकटेच, व्याघ्राजिन वळकटी करून काखेत. रंगूला न्यायला आले असे वाटून मी उंबऱ्यात आडवा उभा राहिलो. ते माझ्याकडे बघेनातच. माझ्या खांद्यावरून वाकून रंगूला हळूच म्हणाले की, बाळ, काळूराम मला सोडत नाही, उद्यापासून अखंड अभिषेक लावला आहे. तुमचा तो मचवा किती वाजता सुटतो? मला ठाऊक नाही.