चौदाव्या मजल्यावरची आमची घरं

पप्पा, तुमच्या मिनिआपोलिसला येऊन मला आठवडा झाला. कंपनीने दोन महिन्यांसाठी पाठवलंय. हॉटेलच्या खिडकीतून त्या इमारती दिसतात, ज्यांची चित्रं तुम्ही आखातात, मनामातल्या गुदैबियाच्या घरात फ्रिजच्या दारावर, कपाटाच्या आतल्या बाजूला, एवढंच काय, बुद्धाच्या तसबिरीशेजारीही चिकटवली होती. इतरांच्या घरी दुकानातून फुकट मिळालेली कॅलेंडरं असायची, आपल्याकडे क्लीव्हलंड आणि कॅन्सस सिटी. खरं तर आनंद व्हायला हवा होता. पहिल्या सकाळी पडदा सरकवला आणि मला इतका राग आला की मी तो पुन्हा ओढून घेतला. त्या रागाचं काय करायचं ते कळत नाही, म्हणून हे लिहितेय.

तुम्ही ड्राफ्ट्समन, इमारतींचे नकाशे काढणारे. ऑफिसातला अमेरिकन साहेब जनाबियाला व्हिलात राहायचा. त्याची वाचून झालेली मासिकं तो तुम्हाला द्यायचा आणि तुम्ही ती गुरुवारी संध्याकाळी मिठाईचा पुडा आणावा तशी घरी आणायचात. चहाचा कप घेऊन बसायचात आणि मला हाक मारायचात. न्यूयॉर्कचं तुम्हाला काही वाटत नसे. जागा नाही म्हणून ते उंच बांधतात, त्यात कसलं शौर्य, असं म्हणायचात. तुमचं प्रेम मधल्या गावांवर. चहूबाजूंना मक्याची शेतं, नजर जाईल तिथवर सपाट जमीन, आडवं पसरायला कोणाची ना नाही, तरी तिथली माणसं गावाच्या मधोमध चाळीस-पन्नास मजले उभे करतात. का, तर आम्हीही आहोत हे लांबून दिसावं म्हणून. हे सांगताना तुमचा आवाज चढायचा. पडकी गोदामं, बंद पडलेली दुकानं हटवून काचेचे टॉवर उभारले की गाव पुन्हा कसं जिवंत होतं, याचे आधीचे आणि नंतरचे फोटो तुम्ही माझ्यासमोर शेजारी शेजारी ठेवायचात. मिनिआपोलिसात थंडी फार, म्हणून एका इमारतीतून दुसरीत जायला वरच्या मजल्यावरून काचेचे बंद पूल आहेत. तसेच मनामात हवेत, म्हणजे ऑगस्टातही माणूस उन्हात पाय न ठेवता बाजार करून येईल, हे तर तुम्ही घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवायचात. आई म्हणायची, ह्यांना मोरीतला गळका नळ दिसत नाही, अमेरिकेतले पूल बरोबर दिसतात.

हे वेड कुठून आलं ते मला पुढे काकांकडून कळलं, तुम्ही कधी सांगितलं नाहीत. अकोल्याजवळच्या आपल्या गावात आजोबांनी वस्तीतल्या घरावर माडी चढवली होती. गावातल्या मोठ्यांच्या घरांपेक्षा ती उंच दिसते म्हणून माणसं आली आणि समोर उभं राहून त्यांनी आजोबांना त्यांच्याच हातांनी ती उतरवायला लावली. तुम्ही तेव्हा शाळेत होतात आणि खाली विटा झेलायला उभे होतात. हे ऐकून मी रडले. मग ज्या माणसाच्या हातात त्या झेललेल्या विटा आयुष्यभर राहिल्या, त्याला माफ करून टाकावं, असं काकांचं म्हणणं. मला ते जमलं नाही. ज्याच्या बापाची माडी अशी उतरवली, त्याने तरी दुसऱ्याच्या घराला हात लावण्याआधी दहा वेळा विचार करायला हवा होता असं मला वाटतं.

ती संध्याकाळ मला स्वच्छ आठवते. मी ईसा टाउनच्या शाळेतून नुकतीच बसने आलेय, युनिफॉर्मही बदललेला नाही. आई ओट्यापाशी कणीक मळतेय. तुम्ही ऑफिसातलं काम घरी आणलंय आणि जेवणाच्या टेबलावर ट्रेसिंग पेपर पसरून चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या आहेत. मला तुम्ही आधीच शिकवून ठेवलेलं आहे की जे राहणार ते सलग रेषेत काढायचं आणि जे पाडायचं ते तुटक रेषेत. मी वाकून बघते. कोपऱ्यावरचं मल्याळी हॉटेल ओळखते, मशिदीची गल्ली ओळखते, आणि मग आपली इमारत. ती तुटक रेषेत आहे. तुमच्या सुबक हाताने, चारी बाजूंनी, प्रत्येक तुकडा सारख्या लांबीचा. मी म्हणते, "पप्पा, धिस इज अवर हाउस." तुम्ही पेन्सिलवरची नजर न काढता म्हणता, "होतं. आता इथं काय येऊन राह्यलं ते पाह्य." आणि दुसरा कागद उलगडून टॉवर दाखवता. आई कणकेच्या हातांनीच टेबलापाशी येते. "घर पाडून राह्यले अन् तुमी खुश कायले होऊन राह्यले?" तुम्ही हसता. तुम्हाला खरंच काही कळलेलं नसतं. आपल्या जागेवर मनामातली सगळ्यात उंच बिल्डिंग येणार आणि ती आपल्या हातची, याहून जास्त एखाद्याला काय हवं, असं तुम्ही तिला समजावून सांगता. जागा आपली कधी झाली होती, एवढंच ती विचारते आणि ओट्याकडे परत जाते.

तेवढ्यावर थांबला असतात तरी मी आज गप्प बसले असते. ऑफिसने सांगितलं ते काढलं, नोकरी होती, असं म्हणून सोडून दिलं असतं. पण आपल्या वरच्या मजल्यावर रत्नागिरीचे चाचा राहायचे, एका ट्रेडिंग कंपनीतले क्लार्क, आणि त्यांनी दारोदार फिरून सगळ्या भाडेकरूंना एकत्र केलं होतं. जागा सोडतो अशा कागदावर कोणी सही करायची नाही. सगळे मिळून अडून बसले तर मालकाला नमतं घ्यावं लागतं, हे त्यांनी दुसऱ्या गल्लीत पाहिलं होतं. मालकाचा माणूस दोनदा येऊन हात हलवत परत गेला. मग गेलात ते तुम्ही. तुम्हाला कोणी पाठवलं नव्हतं. शुक्रवारी आपल्या घरी वंदना आटोपली, चाचा जुम्म्याची नमाज पढून आले, आणि तुम्ही सगळ्यांना गच्चीवर बोलावून पाण्याच्या टाकीला तो रंगवलेला टॉवर टेकवून उभा केलात. तासभर बोललात. क्लीव्हलंड सांगितलंत, मिलवॉकी सांगितलंत, तिथे लोक आधी कसे रडले आणि मग कसे खुश झाले ते सांगितलंत. मी खाली सतरंजीवर बसून ऐकत होते आणि मला तुमचा अभिमान वाटत होता. सगळं ऐकून झाल्यावर चाचांनी एकच विचारलं, "यात आमची घरं कुठं हायत?" तुम्ही पुढे झालात आणि बोटाने दाखवलंत. "हा चौदावा मजला. इथं तुमी, बाजूले आमी."

चाचांनी वाकून त्या बोटाखालचा मजला बघितला. मग म्हणाले, "तुम्ही काढलाव ना? मग खलास, ठरलं. होनारच." त्या आठवड्यात सगळ्यांनी सह्या केल्या.

ती घरं तुम्हाला कोणीच कबूल केली नव्हती, पप्पा. मालकाने वर फ्लॅट ठेवा एवढंच सांगितलं होतं. कोणासाठी, ते त्याने सांगितलं नाही आणि तुम्ही विचारलं नाहीत. इतके दिवस वाकून तुम्ही त्यांच्या भिंती काढल्या, दारं कुठे उघडतात ते काढलं, आईचा ओटा खिडकीखाली घेतला, आणि कागदावर आहे म्हणजे आहेच, असं तुम्हाला वाटायला लागलं. हे तुम्हीच पुढे सुट्टीवर आल्यावर आईला सांगितलंत. मी दाराआडून ऐकत होते. तिने तुमचं ताट वाढलं.

तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. दुसरीकडची भाडी परवडेनात, म्हणून आमचा फॅमिली व्हिसा रद्द करून तुम्ही आम्हाला अकोल्याला पाठवलंत. चाचांची बायकोमुलं रत्नागिरीला गेली. तुम्ही दोघंही गुदैबियातच, पण पाच-सहा जणांच्या खोल्यांत एकेक पलंग घेऊन राहिलात. इमारत पाडली. ज्याला टॉवर बांधायचा होता त्याने काही महिन्यांत हात वर केले, जागा सपाट झाली आणि तिथे गाड्या उभ्या राहायला लागल्या. तुम्ही मात्र दर पत्रात लिहायचात की काम लवकरच सुरू होणार. अकोल्याच्या शाळेत माझं मराठी ऐकून मुली हसायच्या आणि मी त्यांना सांगायचे की आमचं चौदाव्या मजल्यावर घर होतंय. तुम्ही कायमचे गेलात तेही त्याच खोलीत, पलंगावर, ड्यूटीवरून आल्यावर. ती इमारत सोडल्यानंतर, तुमची वर्षाची सुट्टी सोडली तर, तुम्ही आणि मी एका छपराखाली राहिलोच नाही. मला बाप हवा होता. तुम्ही मला बिल्डिंग दाखवत राहिलात.

काल रविवार होता म्हणून मी इथे पायी फिरले. तुमच्या मासिकातल्या फोटोंत जे कधी आलं नाही ते बघितलं. टॉवरच्या पाठीमागे चार रस्त्यांमधली अख्खी जागा मोकळी, डांबर ओतलेली, पांढऱ्या पट्ट्या मारलेली, बर्फात चार गाड्या. पुढच्या चौकात तशीच दुसरी. ऑफिसातल्या इथल्याच एका बाईंना आज मी विचारलं, तर त्या सहज म्हणाल्या की तिथे पूर्वी खाली दुकानं आणि वर बिऱ्हाडं होती, काहीतरी मोठं येणार म्हणून पाडली, ते आलं नाही. त्यांच्या आजीचं शिवणाचं दुकान त्यातच होतं. आजीला कोणी चित्र दाखवलं होतं का, हे विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. तुमच्या एवढ्या मोठ्या वेडात एकदाही तुम्हाला वाटलं नाही का, की फोटो काढणारा कोणत्या बाजूला उभा आहे ते बघावं?

हे आईला वाचून दाखवणार नाही. तुमची पत्रं आम्ही मोठ्याने वाचायचो, पण हे माझ्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात राहील. कारण काल ती मोकळी जागा ओलांडून मी त्या उंच इमारतीच्या पायथ्याशी गेले. तुम्हाला चार शब्द सुनावायलाच गेले होते म्हणा. खाली रस्त्यावर अंधारून आलं होतं आणि वरच्या मजल्यांवर अजून ऊन होतं. मान मागे टाकून मी बघत राहिले, बोटं बधिर होईपर्यंत. फार सुंदर आहे हो ती, पप्पा. हॉटेलवर परतले तर आईचा फोन. तिने विचारलं, "पाह्यल्या का वं त्यायच्या बिल्डिंगा? कशा हायेत?" मी म्हटलं, काही खास नाही गं, फोटोतच बऱ्या दिसतात. "मले वाटलंच होतं," ती म्हणाली, आणि कितीतरी वर्षांनी तिच्या आवाजात समाधान होतं. मी तिला तसंच वाटू दिलं.