माळ्यावरचा तांब्या

चंदा,

माळ्यावरचा झाकणाले डाग देऊन बंद केलेला तांब्या तू भांडेवालीले देऊन स्टीलची परात घेतली. त्याच्यात सोंग्या कोंडला होता. लग्नात तुले शब्द देल्ला होता का हे भुतं धराचं काम सोडलं, म्हणून तांब्याचं कधी सांगतलंच नाही. सांगतलं असतं तं तू माहेरी निघून गेली असती.

आता दर्यापूरहून फोन आला. भांडेवालीनं झाकण फोडलं. तिचा भाऊ काल वावरात मरून पडला. त्याले जाळून लोकं घरी आले, तं तो जेवाले बसला होता. सोंग्या ज्याले मारते, त्याचंच तोंड लावून त्याच्या घरी जाते. त्याले धरणारं आता मी सोडून कोणी उरलं नाही. गाडी नेतो. गुडघ्याचा पट्टा सापडला नाही, तसाच चाललो.

चैतालीले क्लासमधून तूच आण, एकटी येऊ देजो नको. सिलेंडर लावून ठेवलं हाये. परात चांगली हाये, वापरजो.

मी परत आलो तं लगेच दार उघडजो नको. आतूनच विचार, चहा बिनसाखरेचा चालते का. शुगर निघाल्यापासून मी त्याच्यावरून रोज तुयासंग भांडतो. भांडलो तं उघड. गुमान 'चालते' म्हणलं, तं पोरीले घेऊन मागच्या दारानं पळ.

रडजो मंग.

कुलदीप