साफ धुरा आणि हिरवे तळे

शेंदूरजनाघाट,
भाद्रपद, सन १९६३

आमचे मेव्हणे राजमान्य केशवराव यांस पुंजाजीचा मनापासून रामराम.

इकडे तळे सोडून सर्वांची प्रकृती चांगली आहे. तुमचा खोकला गेला का? तुमची बहीण जमुना रोज विचारते. अकोल्याची धूळ सोसत नसेल तर काढा पाठवते म्हणते.

आता मजकूर असा की, संत्र्यांच्या मृग बहारासाठी तुम्ही सुपरफॉस्फेटची पोती धाडलीत, तेव्हा शेती खात्यातले माणूस म्हणून बजावलेही होते, की खत झाडाच्या आळ्यात मातीआड करा आणि तळ्याकडच्या धुऱ्यावरचे, म्हणजे बांधावरचे, गवत राखा, म्हणजे वाहून जाणारे खत तिथे अडेल. मी सगळे ऐकले. पण आषाढात तुम्ही बगीचा पाहायला येणार होता. धुऱ्यावर गवत दिसले की पाहुणा घरधन्याला आळशी समजतो, ही आपल्याकडची रीत (अकोल्यात राहून विसरला नसाल तर) तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणून मी धुरा खरडून गुळगुळीत केला. खतही वरूनच, सढळ हाताने फेकले. मातीत पुरलेले खत पाहुण्याला दिसणार कसे? तुम्ही आला नाहीत. पाऊस आला, आणि खत घेऊन तळ्यात गेला.

संत्र्यांना काय मिळाले देव जाणे, तळ्याला मात्र जोरदार बहार आला. पाण्यावर हिरवी साय धरली, वास सुटला. पोळ्याला गावाने बैल तिथे धुतले, तर पांढरे बैल हिरवट होऊन बाहेर निघाले. (झुली घातल्यावर फारसे दिसत नव्हते, पण हे कोणी मान्य करीना.) मग शेजारच्या पार्बताबाईंनी आपली म्हैस आणून माझ्या विहिरीवर उभी केली. म्हणाल्या, "पुंजाजी, माही म्हैस तुह्या खताचं पानी पित नाई. आजपासून तुह्याच विहिरीवर आनतो." दुसऱ्या दिवशी तिच्यामागे साऱ्या गावाची गुरे आली. त्यात पावसाने दडी मारली आहे. विहिरीचे पाणी गुरे पितात, पाणी उपसायचे इंजिन नुसते उभे, आणि बोराएवढी संत्री टपटप गळताहेत. वर्षाचे पीक डोळ्यांदेखत चालले आहे, फार वाईट वाटते. पण तहानलेल्या म्हशीला नाही तरी कसे म्हणावे?

असो. मुलांना आशीर्वाद. खोकल्यावर आंबट खाऊ नये.

तुमचा
पुंजाजी

ता. क. धुरा साफ करा, खत वरून टाका, हे अकोल्याच्या साहेबांनीच सांगितले, असे मी, गावाने तळ्यासाठी पंच बसवले तेव्हा, त्यांच्यासमोर बोलून बसलो आहे. तरी शनिवारी पंचांपुढे येऊन तेवढे 'हो' म्हणावे. सरकारी माणसाला गाव काही बोलत नाही.

आणखी ता. क. (हे माह्या, जमुनाच्या हातचं.) केशव, मी पंचाइले खरं काय थे त्याच दिवशी सांगून आली. पंच हासले. म्हने, तुमी धुऱ्यावर गवत लावा, आमी ढोरं लांबच्या नाल्यावर नेतो. पन यायले, तुह्या भाटव्याइले, गावासमोर गवत लावाची लाज वाटते, आन संत्रं गळूनच राहिलं. तू ये, पन 'हो' म्हनाले येऊ नको. आल्याबरोबर खुरपं घे आन गवत लावाले बस. पाहुना वाकला म्हनजे तुहे भाटवे बी उभे नाई ऱ्हायचे.