मोठी चाकं आणि मागची सीट

पोशीर, डिसेंबर १९७४

सौ. जानकीबाई यांना (पत्र आधी सुनेच्या हाती पडलं तर मान दिसावा म्हणून, यापुढे नुसतं जानकी), हमिदाचा सलाम आणि घट्ट मिठी.

तुझी पाठ कशी आहे? डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं आणि तू भात सोडलास, असं सुनेने कळवलं. चांगलं केलंस. डॉक्टरांचं ऐकावं. माझी तब्येत ठीक आहे, डोक्यावरची दोन टेंगळं सोडली तर. त्यांचा खुलासा पुढे येईल.

मागच्या वर्षी नेरळहून आपण घरी येताना गाडीचं पोट वाटेतल्या प्रत्येक धोंड्याला भेटत गेलं आणि ओढ्यापाशी तुझ्या पाठीत उसण भरली, ते मी विसरलेले नाही. उतरताना तू शपथ घेतलीस की या रस्त्याने पुन्हा येणार नाही. तुझ्या शपथा मला ठाऊक आहेत (कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांवर रागावून तू शिरा सोडलास, तो आजतागायत सोडलेलाच आहे). म्हणून मी ठरवलं, रस्ता आपल्या हातात नाही, गाडी आहे. ती उंच करायची.

मोहियुद्दीन मिस्त्री आमच्या यांचा लांबचा भाऊ. त्याचं गॅरेज नेरळला, आणि त्याला एखादं काम जमत नाही असं त्याने आजवर कबूल केलेलं नाही. म्हणाला, "भाभी, चाक मोठं की खड्डा लहान." मला पटलं. त्याने कुठल्याशा मोडीत निघालेल्या जीपची चाकं आणून बसवली. गाडी अशी दिसायला लागली, की जणू लहान मुलीने आईच्या चपला घातल्यात. पण ओढ्यातून कोरडी निघाली, पोटाला एक धोंडा लागला नाही, आणि मला यांची इतकी आठवण झाली की पलीकडे गाडी थांबवून मी थोडी रडले. (यांनीच मला चालवायला शिकवलं होतं, याच ओढ्यात, मी गिअरऐवजी त्यांचा गुडघा धरायची.)

मग घराच्या फाटकाशी वळायला गेले तर वळता येईना. स्टीअरिंग पुरतं फिरवलं की पुढचं चाक आतल्या पत्र्याला घासायचं. सरळ जाता येत होतं, म्हणून सरळ गेले आणि शेलूच्या बाजूला मोकळं माळरान मिळालं तेव्हा मोठा वळसा घेऊन परत आले. मिस्त्रीने पत्र्याची कड कापून दिली. ते दुखणं मिटलं.

खरं दुखणं मागे होतं. तुला आमच्याकडची रीत माहीत आहे, वाटेत गावचं माणूस दिसलं आणि गाडी रिकामी असली तर थांबायचं. शेजारची ठकूबाई बाजाराची पाटी घेऊन उभी होती. ठकूबाई देहाने तुझ्या बरोबरीची (रागावू नकोस). ती मागे बसली, गाडी खाली दबली, टायर वरच्या पत्र्याला टेकला आणि जळक्या रबराचा वास सुटला. मी तिला जरा पुढे सरकायला सांगितलं, मग जरा मधे. शेवटी ती उतरलीच. म्हणाली, "हमिदाबी, मला घ्यायची नाय तर तोंडानं सांगा. गाडी कशाला जाळताव?" आणि पाटी डोक्यावर घेऊन चालायला लागली. पुढे कितीतरी दिवस तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.

मी हरले नाही. मिस्त्रीला म्हटलं, ठकूबाई बसली पाहिजे. त्याने मागच्या स्प्रिंगांत टेंपोचे दोन जाड पाटे वाढवले. आता गाडी दबत नाही. अजिबातच दबत नाही. रिकामी असली की प्रत्येक खड्ड्याला बकरीसारखी उडते आणि माझं डोकं टपाला लागतं. टेंगळांचा खुलासा हा. मी हातापाया पडून ठकूबाईला मागे बसवून पाहिलं, तर गाडी पाळण्यासारखी चालली. ठकूबाईला आपली किंमत कळली. आता ती फाटकाशी येऊन विचारते, "का गं बाई, मला घेतल्याबिगर गाडी हालत नाय व्हय?" मी नाही म्हणत नाही. पण ती परवा लेकीच्या बाळंतपणाला भिवपुरीला गेली. तिच्या जागी भाताची पोती ठेवून पाहिली. गाडी बरी चालते, पण पोती बोलत नाहीत.

घरात सगळं आहे. नवा तांदूळ आलाय. संध्याकाळी फार शांत वाटतं. तुझीच, हमिदा.

ता. क. ते कॉन्व्हेंटच्या अंगणातलं सी-सॉ आठवतं? तू बसलीस की मी वर, आणि तू उठेपर्यंत मी वरच. या खेपेला तू मागे बस, मी पुढे बसते. दोघी जमिनीवर राहू. नेरळला कधी घ्यायला येऊ ते कळव. शपथ रस्त्याची होती, आणि मोठ्या चाकांना रस्ता लागतच नाही.

ता. क. दुसरा. वर डॉक्टरांबद्दल लिहिलंय ते खोडते. इकडून परत जाईपर्यंत भात खात जा.