नळ वाजले तर घाबरू नये

चैत्र शुद्ध ५, शके १८५९. जालना.
मुक्काम झकास मिळाला. बद्रीनारायण शेठांनी आईच्या नावानं बांधलेल्या सायरबाई सभागृहाची मागची खोली: खाट, रांजण, टेबल, आणि हे सारं माझ्या एकट्यासाठी. पाठशाळेत दहा वर्षं वरुणाची सूक्तं घोकली आणि सरकारनं अखेर नेमलं ते नळ तपासायला. देव आठवण ठेवतो, फक्त खातं जरा वेगळं निघतं.

सभागृहाच्या छताखाली नळांचं जाळं आहे. दर पाच हातांवर एक पितळी तोंड, ते कथलाच्या डागानं बुजवलेलं. आग लागली की डाग वितळतो आणि तिथून पाऊस. अक्षय्य तृतीयेला इथं चारशे बायका चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला यायच्या आहेत. त्याआधी 'पाणी चालू आहे' असा दाखला माझ्या सहीनं द्यायचा. दाखला दिला की माझी बदली अंबडला, लेकीच्या गावी. तेव्हा ही सही मला शेठांपेक्षा जास्त हवी आहे, हे इथंच कबूल करून ठेवतो.

चैत्र शुद्ध ८
पाण्याची मुख्य चावी रंगमंचाखालच्या कोठडीत आहे. चाकाला साखळी, साखळीला कुलूप, किल्ली शेठांच्या कमरेला. आज त्यांचे मुनीम चांदमल यांच्यासमोर चावी उघडवली. तीन सांधे गळले आणि मखमली पडद्यावर डाग पडले. चांदमलांनी चाक घाईघाईनं उलटं फिरवलं, कुलूप घातलं.

"शास्त्रीजी, आग तर अजून लागली न्हाई. पडदा मातर बराबर भिजला!"

कार्यक्रमाआधी ते कोठडीला बाहेरूनही कुलूप घालतात म्हणे, कुणी चाकाला हात लावू नये म्हणून. पाण्याला इतक्या बंदोबस्तात राहायची सवय नसावी.

चैत्र शुद्ध १३
दुपारी दोनला या गावात कुत्रंही हलत नाही. तेव्हा नळ वाजतात. तीन ठोके, मग थांबून एक. झाडणाऱ्या झुंबरबाईचा हात थबकला, ती वर बघत राहिली. लोखंड तापलं की फुगतं, हे मी तिला सोदाहरण समजावलं. ती हसली नाही. लोकांनी घाबरू नये म्हणून एक पाटी रंगवून भिंतीला लावली: 'उन्हाने नळ वाजतात. घाबरू नये.' अक्षर उत्तम आलं आहे.

चैत्र पौर्णिमा
आज गंमत केली. छडीनं नळावर तसंच ठोकलं, तीन आणि एक. पलीकडून लगेच उत्तर आलं. आमच्या हिला जाऊन सात वर्षं झाली. तेव्हापासून माझ्या बोलण्याला इतक्या तत्परतेनं कुणी उत्तर दिलं नव्हतं.

चैत्र वद्य ५
आता जेवण लवकर उरकतो. दोन वाजायची वाट पाहतो. ते ठोकतात, मी ठोकतो. 'ते' असं लिहून गेलो, लोखंडाला.

चैत्र वद्य ९
झुंबरबाईनं पाहिलं. माझ्या हातातली छडी हिसकून घेतली.

तिनं सांगितलं ते असं. हे नळ कापसाच्या एका जळालेल्या जिनातून, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यातून, निम्म्या भावात आणलेले. कापूस भिजू नये म्हणून तिथंही चावीला साखळीच होती. वरून तीन आणि एक म्हणजे 'पाणी सोड'. चावीवरचा माणूस खालून तसंच ठोकायचा, म्हणजे 'सोडतो'. झुंबरबाई तेव्हा तिथंच कामाला; आग लागली तेव्हा लेकराला पाजायला बाहेर आली होती. आत अकरा बायका.

"माझी जाऊ आत व्हती, साहेब. खालच्यानं ठोकलं बी. पाणी न्हाई आलं. अन् तुमी रोज व्हय म्हणून राह्यले?"

चैत्र वद्य १२
शेठांकडे किल्ली मागितली, सांधे तरी बदला म्हटलं. सण झाल्यावर बघू म्हणाले. दाखल्याचा कागद पुढं सरकवला, अंबडची आठवण करून दिली. नळ आता सकाळीही वाजतात. मी उत्तर देत नाही.

चैत्र अमावास्या
सही केली. 'पाणी चालू आहे.'
नळ गप्प झाले. एकदम.

वैशाख शुद्ध २
अजून गप्प. हे जास्त वाईट. माझ्या टेबलाच्या बरोबर वर, छताखालच्या पितळी तोंडाचा डाग मऊ दिसतो आहे. टेबलावर चढून बोट लावलं — चटका. खोलीत विस्तव नाही.

वैशाख शुद्ध ३, दुपार
कोठडीत आहे. पेन्सिलीनं लिहितो.
बायका बसल्या आणि सगळे नळ एकदम वाजायला लागले. झुंबरबाईनं वर पाहिलं, मग माझ्याकडे. हातोडा घेऊन खाली धावलो. साखळीवर घाव घालत होतो, तेवढ्यात चांदमल बाहेरून कुलूप लावून गेले. मी आत आहे हे त्यांना — वर सनई. हाका पोचत नाहीत.

दांडा मोडला. साखळी तशीच.

वास — मखमल जळते आहे. गौरीपुढची समई पडद्याजवळ नको, म्हणालो होतो —

नळावर ठोकतो आहे. तीन. एक. वर ऐकू जातं. नळाला कान लावला की वरचं बोलणंही येतं. कुणीतरी विचारलं, बाई, काय वाजतंय. दुसरी मोठ्यानं वाचून दाखवते आहे. माझी पाटी. हसताहेत —

पुन्हा ठोकलं.

उत्तर आलं. वरून नाही. इथूनच, माझ्या पाठीमागून. तीन. एक. 'सोडतो' म्हणताहेत. मी रोज म्हणत होतो, अगदी तसंच —