आग लागो म्हणणारा मी

कोल्हापूर, १२ ऑक्टोबर २००५

अंजना, जय भीम.

पायाचे प्लास्टर सोमवारी निघेल, दवाखान्यात जेवण वेळेवर मिळते, काळजी नको. तुझे गुडघे कसे आहेत? प्रचाराला चढ चढत फिरू नकोस. दाराला आतून कडी लावतेस ना?

परवा आपल्या अतुलने कॉलेजात कविता म्हटली, ती केबलवाल्यांनी टिपली. एवढी लांबलचक कविता, पण त्या नालायकांनी एकच ओळ उचलली, 'या गावाला आग लागो'. खाली लिहिले, उमेदवार बाईच्या मुलाचा शाप. दिवसभर तेच. वीस वेळा ऐकल्यावर मलाही वाटले, पोरगा तेवढेच बोलला.

मी त्याला झापले. "कोण बोलतंय ते लिवायला तुझं हात मोडत हुतं काय रं?"

"आबा, नव्या कवितेत तसं सांगत न्हाईत. वाचणाऱ्यानं वळखायचं."

जळो ती नवी कविता. वाचणारा ओळखेल, मत देणारा कसा ओळखणार?

मग हळूच म्हणाला, "तुमचाच आवाज हाय की त्यो."

खरे आहे. आपल्या गल्लीचा नळ तोडला तेव्हा चावडीसमोर मीच तसे ओरडलो होतो. तू माझे तोंड दाबलेस. सहा वर्षांच्या पोराने ते ऐकून ठेवले.

रविवारी मतदान. त्याआधी हे पत्र चावडीवर मोठ्याने वाच. शाप माझा आहे, पोराचा नाही. आणि नळ कोणी तोडला होता, तेही तिथेच विचार.

ओरडणारा तुझाच,
दगडू