बाजारच्या दिवशी झालेली

बेल्हे, सोमवार, संध्याकाळ

कॅनडाहून लेकीचा फोन. आमच्या हिचं, लेकीच्या आईचं, तिकडचं कायमच्या रहिवासाचं कार्ड आलंय, पण जन्मतारीख चुकलीय. पासपोर्टवरची एक जून कळवून दुरुस्त करून घ्यायची. एक जून! शाळेत मास्तरांनी आम्हा दोघांनाही तीच चिकटवलेली. सगळी पोरं काय एकाच दिवशी झाली? म्हणजे एक खोटी काढून दुसरी खोटी बसवायची.

"खरी कधीची गं तुझी?" हिला विचारलं, तर हसली.

"आई म्हनायची, बेल्ह्याचा बाजार व्हता. बापू गाय घेऊन घरी आलं, तवर मी झाले व्हते. सोमवार कंचा, ते कुनाला ठावं?"

सोमवार कुठला... तेच डोक्यात घोळत राहिलं. आजही बाजार होता. उठलो, जिलेबी घेऊन आलो.

"ही कशापायी?"

"वाढदिवस तुझा."

एक तुकडा मोडून तोंडात टाकला. मग म्हणाली, "आता काय, दर सोमवारी आननार का?"

आणीन.